दौंड ते शिरूर, सात मिनिटं

माझे दौंडचे घरमालक आप्पा आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते. एवढी एक गोष्ट सोडली, तर विमानप्रवासातलं त्यांना सगळं कळत होतं.

त्यांची नोकरी विमानतळावर झाली होती, हे ते ओळख होताच पहिल्या मिनिटाला सांगत. तिथं ते भांडारात होते, हे त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, दुसऱ्या मिनिटाला सांगत. भांडारातून झाडू, बादल्या, फिनेल आणि पांढरा रंग मिळे. "धावपट्टीवरचा पांढरा पट्टा माझ्या डब्यातला हाय," आप्पा म्हणायचे. "तो नसता तर इमानं कुठं उतरली असती?" भारतीय विमानं इतकी वर्षं सुखरूप उतरत होती, त्याचं थोडंफार श्रेय त्या डब्याला द्यायला कुणाची हरकत नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टला होतो आणि आप्पांच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. माझ्या कपड्यांना कारखान्याचा वास यायचा, म्हणून काकी माझा शर्ट अंगणातल्या तारेवर लांब टोकाला वाळत घालायला लावत. तरीही दोन वेळचा चहा त्यांनी कधी चुकवला नाही. त्या चहाला स्मरून मला हे लिहिताना आत्ताच अपराधी वाटायला लागलंय. अर्थात मला अपराधी वाटायला फार कारण लागत नाही. एस.टी.त कुणी उभं असलं की मला बसल्याचं वाईट वाटतं, आणि मी उभा असलो की कंडक्टरची वाट अडवल्याचं.

दौंड हे रेल्वेचं गाव. दिवसरात्र गाड्यांची ये-जा. पण आप्पांना रेल्वेबद्दल आदर नव्हता. "रेल्वे म्हंजी काय, जमिनीला घासत जाणं," ते म्हणायचे. एस.टी.चं तर ते नावही घेत नसत. अंतर ते नेहमी हवेतून मोजायचे. मंडई चालत दहा मिनिटांवर होती, पण "हवेतनं बघितलं तर मंडई हितंच हाय" असं म्हणून ते बसून राहत, आणि भाजी काकी जमिनीवरून आणत.

सोलापूर, कोल्हापूर, नांदेड, औरंगाबाद, सगळ्यांची हवाई अंतरं त्यांना पाठ होती. ती बरोबर होती की नाही हे तपासायची सोय आमच्याकडे नव्हती, आणि हीच त्यांच्या विद्वत्तेची मोठी सोय होती. पण त्यांचा खास अभ्यास एकाच मार्गाचा. दौंड ते शिरूर. रस्त्यानं पाटस, चौफुला, केडगाव, न्हावरा असा वळसा घेत एस.टी. दोन-अडीच तास खाते. आप्पांच्या मते हवेतून चाळीस किलोमीटर, आणि सात मिनिटं.

दौंडला विमानतळ नव्हता. शिरूरलाही नव्हता. ही अडचण आप्पांनी फार मनावर घेतली नव्हती. दौंडचा विमानतळ त्यांनी घरामागच्या मोकळ्या मैदानावर धरला होता, जिथं शेळ्या चरायच्या. शिरूरचा विमानतळ गावाबाहेरच्या एका बाजरीच्या वावरात. मी शिरूरकडचाच असल्यामुळे ते वावर मला माहीत होतं. तिथं धावपट्टी केली, तर विमान बरोबर एका घराच्या ओसरीसमोर येऊन थांबलं असतं. ते घर बापूंचं. बापू म्हणजे आप्पांचे सख्खे थोरले भाऊ.

"जागा कशी काय निवडली आप्पा?" मी एकदा विचारलं.

"वाऱ्याचा अभ्यास करून," आप्पा म्हणाले.

रोज संध्याकाळी हे उड्डाण व्हायचं. आप्पांकडे एक लोखंडी घडीची खुर्ची होती. विमानतळावरच्या जुन्या सामानाच्या लिलावात ती त्यांनी घेतली होती. अंगणात ती उघडून, शिरूरच्या दिशेला तोंड करून ते बसत. मी शिफ्टवर नसलो तर मला शेजारी पत्र्याच्या डब्यावर बसावं लागे. आप्पा मनगटावरचं घड्याळ बघून डोळे मिटत.

"भीमा वलांडली," ते थोड्या वेळानं सांगायचे. मग "खाली मांडवगण." मग "न्हावरा डाव्या अंगाला." मी हसू दाबून डब्यावर बसलेला असे, आणि बिनतिकिटाचा बसलोय हेही मला कुठंतरी खात असे. काकींनी मध्येच दळण आणायला हाक मारली की विमान मांडवगणच्या आसपास तातडीनं उतरवावं लागे.

सात मिनिटं झाली की आप्पा म्हणत, "आलं शिरूर."

"मग उतरायचं का?" मी विचारायचो.

"न्हाई. न्यायला कुणी आल्यालं न्हाई."

हे ते अगदी सरळ आवाजात सांगत. मग डोळे उघडत, खुर्ची घडी करून भिंतीला लावत, आणि काकींना विचारत, आज भाजी कसली.

मला पहिले काही महिने हा सगळा वेडेपणा वाटला. कारखान्यात चहाच्या सुट्टीत मी त्याची नक्कल करून दाखवायचो. चांगली करायचो, असं लोक म्हणायचे.

मग एकदा काकींनी शेंगा निवडता निवडता सांगितलं.

आमच्या भागात लग्नाला मानाच्या माणसाला नुसती पत्रिका देऊन भागत नाही. घरातलं कुणीतरी जातीनं न्यायला जावं लागतं. त्याला मूळ जाणं म्हणतात. मूळ आल्याशिवाय मानाचा माणूस उंबरा ओलांडत नाही, मग त्याची आंघोळ झालेली असो, कोट चढवलेला असो, की तो पहाटेपासून दारात उभा असो. बापूंच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा आप्पा पहाटेपासून दारात उभे होते. आणि आली एक जीप. जीपमध्ये फक्त ड्रायव्हर. बापू तेव्हा सोसायटीच्या निवडणुकीत अडकले होते, घरात माणूसबळ कमी, म्हणून त्यांनी गाडी धाडली. त्यांच्या मते गाडी धाडणं हा मोठाच मान होता. ड्रायव्हर खाली उतरलाही नाही. त्यानं दारात हॉर्न वाजवला.

"ह्ये म्हनले, मी हॉर्नला उठत न्हाई," काकी म्हणाल्या. "जीपच्या तापल्याल्या इंजनात पानी घातलं सोताच्या हातानं, आन् दिली माघारी लावून. पोरीच्या लग्नात चुलता न्हाई. सहा वर्षं झाली. ना ते आलं, ना ह्ये गेलं."

"कुणी मध्यस्थी नाही केली?"

"लई जणांनी केली. त्यांना ह्यांनी सांगितलं, बापूला म्हनावं इमान घिऊन ये न्यायला, सात मिनटांत येतो. आदी टोमणा हुता. आता रोज संध्याकाळी त्यातच बसत्यात." काकींनी एक किडकी शेंग लांब भिरकावली. "ह्यांचा आज्जा मेंढरं घिऊन शिरूरातनं हितवर चालत यायचा. चार-चार दिस. त्याला कुनी इमान न्हवतं दिलं."

यानंतर मी नक्कल करायची सोडून दिली असं लिहायला मला आवडलं असतं. मी ती कमी केली.

दर शनिवारी मी शिरूरला घरी जायचो आणि सोमवारी परत यायचो. सोमवारी आप्पांचा चहा आणि चौकशी ठरलेली.

"शिरूरचं हवामान?"

"ठीक होतं."

"व्हिजिबिलिटी?"

"धुरळा होता थोडा."

"मग कुनी दिसायचा संबंधच न्हाई."

म्हणजे कुणी दिसलं का. मी म्हणायचो, बापू बाजारात दिसले, किंवा दिसले नाहीत. आप्पा "मी कुठं इचारलं" म्हणून चहा ओतत. एका सोमवारी मी सांगितलं, बापू दिसले, पण गुडघा धरून चालत होते, दर दहा पावलांवर कट्टा बघून बसत होते. आप्पांनी बशी खाली ठेवली. त्या संध्याकाळी उड्डाण रद्द झालं. कारण तांत्रिक असावं. खुर्ची भिंतीलाच राहिली आणि आप्पा अंगणात येरझारा घालत राहिले, मधूनच स्वतःचाच गुडघा चाचपून बघत.

काकींनी मला आत बोलावून विचारलं, "लईच दुखतंय का बापूंचं?"

"चढ-उतार जमत नाही म्हणे."

"मग ते काय येनार आता एस्टीनं," त्या म्हणाल्या. "आन् ह्ये काय मूळ आल्याबिगार जायाचं न्हाईत. दोघं बी आपापल्या जागी बसून मरत्यात बग."

त्याच वर्षी निवडणुका लागल्या, आणि दौंडला खरोखर विमानतळ झाला. दोन तासांसाठी.

एक मोठे पुढारी सकाळी शिरूरला सभा घेऊन तिथून हेलिकॉप्टरनं दौंडला येणार होते, आणि उतरायची जागा ठरली होती आमच्या घरामागचं मैदान. आदल्या दिवशी चार माणसं चुन्याची पोती घेऊन आली. आप्पा त्यांच्या आधी तिथं हजर. चुना कसा फाकायचा, शेळ्या कुठल्या बाजूला हाकायच्या, वारं कुठून येतं, याबद्दल त्यांनी इतकं मार्गदर्शन केलं, की त्या माणसांनी ते साहेब असतील असं समजून त्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मैदानाच्या कडेला बांबू रोवला आणि त्याला आपला जुना पायजमा बांधला. तिथं एक हवालदार बंदोबस्ताला होता.

"ह्ये काय लावलंय आप्पा?"

"वाऱ्याची दिशा दावतंय. पायलटला लागतं."

"पायजमा हाय ह्यो."

"कापडाला कुठं म्हाईत असतंय ते काय हाय. वारं भरलं की झालं."

हवालदारानं तो दोनदा काढला, आप्पांनी तीनदा बांधला. मग हवालदारानं नाद सोडला. सरकार आणि आप्पा यांच्या झगड्यात सरकार नेहमी याच टप्प्यावर थकायचं.

हेलिकॉप्टर आलं. आवाज, धुरळा, शेळ्यांची पळापळ, काकींच्या वाळत घातलेल्या सांडग्यांवर मातीचा थर. पायलटनं पायजम्याकडे बघितल्याचं काही दिसलं नाही. पंख्याच्या वाऱ्यानं बांबूवरची गाठ सुटली आणि पायजमा दोन्ही पाय पसरून भीमेच्या दिशेनं निघून गेला. आप्पांच्या घरातून झालेलं ते पहिलं हवाई उड्डाण.

पुढारी उतरले. हारतुरे घेऊन लोक धावले. त्यांच्यामागून एक तरुण कार्यकर्ता उतरला. आणि सगळ्यांत शेवटी, दोन जणांनी दंडाला धरून, टोपी मुठीत आवळलेले, चेहरा पांढराफटक झालेले बापू उतरले. दौंडच्या बाजूला त्यांचे पाहुणेरावळे पुष्कळ. मुख्य भाषणाआधी त्यांनी चार शब्द बोलावेत, म्हणून त्यांना शिरूरहून वर बसवून आणलं होतं.

आप्पा रिकाम्या बांबूला धरून उभे होते. बापूंची नजर फिरत फिरत त्यांच्यावर आली आणि थांबली. मी दोघांच्या मध्ये कुठंतरी होतो. दोन पावलं बाजूला झालो.

आप्पा सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलले. "किती मिन्टं लागली?"

"काय म्हाईत," बापू म्हणाले. "डोळं मिटून बसलो हुतो."

पुढं कुणी काही बोलायच्या आत कार्यकर्त्यानं बापूंना सभेकडे नेलं.

सभा झाली. बापूंना चार शब्द म्हणून बोलावलं होतं, त्यांना दोनच बोलू दिले. परत निघताना पुढाऱ्यांना पुढच्या गावी जायचं होतं, आणि दौंडचे एक आडदांड गृहस्थ त्यांच्याबरोबर निघाले. जागा एकच होती. तो तरुण कार्यकर्ता बापूंना म्हणाला, "बापू, तुम्ही एस्टीनं जा ना. चारची थेट शिरूर आहे." हेलिकॉप्टर उडून गेलं. मैदानात गळ्यात हार घातलेले बापू, शेळ्या, आणि मोडलेली चुन्याची खूण एवढंच राहिलं.

माणूस विमानानं आला होता खरा, पण न्यायला आला नव्हता. आप्पांची अट अर्धीच पुरी झाली होती. आप्पा बांबू उपटत राहिले, तो मुळात सैल असूनही.

शेवटी काकी मैदानात आल्या. डोक्यावर पदर घेऊन बापूंच्या पाया पडल्या. "चला, भाकरी खाऊन घ्या. वर काय जेवान मिळालं नसंल."

जेवताना दोघा भावांनी मिठाशिवाय काही मागितलं नाही. बापू अंगणातल्या त्या घडीच्या खुर्चीवर बसले होते, कारण खाली मांडी घालता येत नव्हती. आप्पांनी ती कुणाला बसायला दिलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. साडेतीन वाजता काकींनी आप्पांच्या हातात एक पिशवी दिली. "शेवग्याच्या शेंगा हायती, थोरल्या जाऊबायस्नी. ष्ट्यांडावर जाऊन बापूंना गाडीत बसवून या."

शनिवार होता, मलाही त्याच गाडीनं जायचं होतं. आम्ही तिघं निघालो. बापू दर थोड्या अंतरावर थांबत होते, आणि ते थांबले की आप्पा रस्त्यावरच्या पाट्या वाचत उभे राहत. घरापासून स्टँड हवेतनं किती, हे त्यांनी सांगितलं नाही.

सभेहून परतणाऱ्यांची ही गर्दी. गाडी लागली तशी लोकांनी दरवाज्याला झोंबाझोंबी सुरू केली. बापूंना ते शक्य नव्हतं. ते खिडकीखाली गेले. एस.टी.ची जागा कशी धरायची हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधी शिकवतात. त्यांनी खिडकीतून हात घालून एका सीटवर टोपी टाकली. मग खांद्यावरचं उपरणं काढलं आणि शेजारच्या सीटवर टाकलं.

मला वाटलं, ती जागा माझ्यासाठी. संकोच वाटला, तरी मी आत शिरलो आणि उपरणं उचलायला वाकलो. तेवढ्यात मागून एका बाईनं विचारलं, "हितं कोन हाय का?"

"हाय," खिडकीखालून बापूंचा आवाज आला. "भाऊ हाय माझा."

मी उपरण्यावरचा हात काढून घेतला.

आप्पा खाली पिशवी धरून उभे होते. गाडी सुरू व्हायला आली, बापू चढून आपल्या जागेवर बसले, शेजारी उपरणं तसंच. बाईनं दोनदा त्याच्याकडे बघितलं. बापू समोर बघत होते. चल म्हणाले नाहीत. आप्पाही हलले नाहीत. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, आणि आप्पा चढले.

"शेंगा ऱ्हायल्या हुत्या द्यायच्या," ते म्हणाले आणि उपरण्यावर बसले.

गाडी सुटली. आप्पांनी सवयीनं घड्याळ बघून डोळे मिटले. बरोबर सात मिनिटांनी उघडले, तेव्हा गाडी दौंडातच, रेल्वेखालच्या मोरीत, उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलेली होती.

"पोचलो का?" बापूंनी विचारलं.

"धावपट्टीवरच हाय अजून."

बापू आधी नाकानं हसले, मग खांदे हलवून. मी दांड्याला धरून मागं उभा होतो, मला चेहरे दिसत नव्हते. पाटस मागं पडलं. चौफुल्याला बापू म्हणाले, "डायव्हरला मी सांगितलं हुतं, उतरून पाया पड म्हनून."

"त्यानं हॉर्न वाजवला."

"त्ये मला काल-परवा कळलं."

"सहा वर्षांनी?"

"सांगतंय कोन? समदे म्हनायचे, त्याला इमान पायजे."

केडगावला बरीच गर्दी उतरली आणि मला बसायला मिळालं. न्हावऱ्याला अंधारून आलं. आप्पांनी पिशवीत हात घातला, शेंगांच्या खाली काहीतरी लागलं म्हणून बाहेर काढलं. धुतलेला पायजमा आणि शर्ट. त्यांनी ते बघितलं, पुन्हा खाली दडपलं आणि वर शेंगा रचल्या. बापू खिडकीबाहेर बघत राहिले.

शिरूर आलं. लोक भराभर उतरले. बापू एकेक पायरी दांड्याला धरून, गुडघा वळवत उतरले. आप्पा जागेवरच. डोळे मिटलेले.

"आप्पा, आलं शिरूर," मी म्हणालो.

"कळलंय."

मला पुढचं वाक्य पाठ होतं. ते मी दीड वर्ष रोज ऐकलं होतं, आणि कारखान्यात करूनही दाखवलं होतं. मी विचारलं नाही. त्यांनीही म्हटलं नाही.

बापू खाली थांबले होते. त्यांनी रिकाम्या खिडक्यांकडे बघितलं, मग दाराकडे. मग तीन पायऱ्या, ज्या उतरायला त्यांना एवढा वेळ लागला होता, त्या पुन्हा चढून वर आले. सीटपाशी येऊन धापा टाकत उभे राहिले.

"चल," ते म्हणाले. "न्यायला आलोय."

"जीप कुठंय?"

"जीप न्हाई. मी हाय."

आप्पांनी डोळे उघडले. पिशवी एका हातात घेतली आणि दुसरा बापूंच्या काखेखाली घातला. उतरताना कुणी कुणाला धरलंय ते सांगता आलं नसतं. कंडक्टर खाली विडी पेटवत उभा होता. "काय बाबा, लई टाइम लावला गाडीनं आज."

आप्पांनी स्टँडवरच्या दिव्याखाली मनगट धरून घड्याळ नीट वाचलं.

"सातच मिन्टं लागली," ते म्हणाले. "बाकीचा टाइम उतरायला गेला."